विसण

नवरात्राच्या चौथ्या माळेला आमच्या गच्चीवरच्या सोलरची टाकी गेली. स्फोट वगैरे काही झाला नाही. टाकीच्या खालच्या जोडातून करंगळीएवढी धार लागली आणि जिन्यावरून उतरत ती दारातल्या रांगोळीपर्यंत आली. सासूबाईंनी आधी पाहिलं. "नीरु सोर्तिदे," त्या म्हणाल्या. पाणी गळतंय. आईनं मला विचारलं, काय म्हणतायत? मी सांगेपर्यंत आईची रांगोळी वाहून गेली होती, तेव्हा भाषांतराची गरज उरली नाही.

प्लंबरनं टाकीवर बोटं वाजवून पाहिली. सतरा वर्षं झाली, म्हणाला, आता हिला सोडा. टाकी स्टेनलेस स्टीलची असली तरी बोअरच्या जड पाण्यानं ती आतून खाल्ली होती. काचेच्या नळ्यांच्या बुडाशी पांढरा क्षार साचला होता. एक नळी उपसून त्यानं उलटी केली, तर ओल्या चुन्यासारखा लगदा बाहेर आला. डाग लावून महिनाभर चालेल, पण दिवाळी निघेल का, ते सांगता येणार नाही.

दिवाळीला तीन आठवडे होते. घरात माणसं सहा: आम्ही दोघं, बारावीतला मुलगा, आठवीतली मुलगी, धारवाडच्या सासूबाई आणि मिरजेची माझी आई. न्हाणीघरं दोन. सकाळी सहा ते आठ या दोन तासांत सहा अंघोळी, एकापाठोपाठ. त्यात नरकचतुर्दशी म्हणजे सगळ्यांनी उजाडायच्या आत न्हायचं. सासूबाईंकडे तर आदल्या दिवशीच 'नीरु तुंबुव हब्ब', पाणी भरण्याचा सण. पूर्वी त्या दिवशी न्हाणीतला तांब्याचा हंडा घासून, सजवून, भरून ठेवत. आता सजवायला हंडा नाही, म्हणून त्या स्टीलच्या बादलीला हळदकुंकू लावतात.

बंगळुरूत सोलर घरोघरी दिसतो, त्यात लोकांच्या हौसेचा भाग आहेच, पण नियमाचाही आहे. २००७ मध्ये कर्नाटकात नियम आला: तीस बाय चाळीसच्या किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर घर बांधायचं, तर गच्चीवर सोलरचं गरम पाणी असल्याशिवाय वीजजोडणी नाही. आमचं घर २००८ चं, म्हणून सोलर घराबरोबरच आला. वीजबिलात थोडी सूटही मिळायची. गच्चीवर आडवी टाकी, खाली दक्षिणेकडे तोंड करून कललेल्या काचेच्या नळ्या. तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत चढतं, गार पाणी खाली उतरतं. पंप नाही, बटण नाही. पहिली दहा वर्षं आम्ही त्याचा विचारही केला नाही. यंत्राला याहून मोठी शाबासकी नसावी.

मग दक्षिणेच्या शेजाऱ्यांनी जुनं घर पाडून चार मजले चढवले. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा काही बिघडत नाही. पण नोव्हेंबरपासून तो दक्षिणेकडे झुकतो आणि त्या इमारतीची सावली दुपारपर्यंत आमच्या नळ्यांवर बसते. म्हणजे बंगळुरूत जे दोन-अडीच महिने खरी थंडी असते, पहाटे पंधरा-सोळा अंश, नेमके तेव्हाच पाणी कोमट. आणि एप्रिलमध्ये, जेव्हा कुणाला कढत पाणी नको, तेव्हा टाकीत हात घालवत नाही.

त्या एप्रिलमुळेच ही निवड मला जड गेली.

आईला मधुमेह होऊन बावीस वर्षं झाली. तळपायांची जाणीव बरीच गेली आहे. चप्पल पायातून निसटली तरी तिला कळत नाही. सकाळच्या अंघोळीला मी बाहेर उभी असते, पण या एप्रिलमध्ये एका दुपारी वीज गेली, पंखे बंद पडले, घामानं जीव नकोसा झाला आणि आई आपली आपण न्हाणीत गेली. मी आत एका कथेच्या तिसऱ्या खर्ड्यात बुडाले होते. दुपारचे तीन. टाकीतलं पाणी दिवसभराच्या उन्हानं कढलेलं. तिनं तोटी सोडली, पाटावर बसली आणि पाय नळाखाली धरले. तिला काहीच कळलं नाही. ती बाहेर आली तेव्हा उजवा पाय घोट्यापर्यंत लाल होता, आणि संध्याकाळी फोड आले. जखम भरायला सात आठवडे लागले. मधुमेहात पायाच्या जखमेचा शेवट कुठे होऊ शकतो, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं, पण त्या सात आठवड्यांत आम्ही एकदाही ते बोललो नाही.

त्यानंतर मी तिला एकटीनं अंघोळ करू देत नव्हते. पाणी मी काढायचं, हात घालून मी पाहायचं. आई काही बोलली नाही. फक्त तिची अंघोळ आटोपशीर झाली. पूर्वी तिला पाऊण तास लागायचा आणि ती आत काहीतरी पुटपुटत असायची. आता ती दहा मिनिटांत बाहेर यायची, गप्प.

म्हणून टाकी गेली तेव्हा प्रश्न नुसता कुठला हीटर घ्यायचा एवढा नव्हता. आईला तिची अंघोळ परत द्यायची होती.

पहिला पर्याय गीझरचा, दोन न्हाण्यांना दोन. हा शब्द आइसलंडचा, तिथल्या 'गेसिर' नावाच्या उसळत्या झऱ्याचा. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन यानं गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि त्याला हे नाव दिलं. इंग्लंडात तो शब्द आता जुना झाला, बॉयलर रुळला. आपल्याकडे आणि दक्षिण आफ्रिकेत मात्र गीझरच राहिला. मॉनच्या यंत्राला धूर बाहेर टाकणारं धुराडं नव्हतं आणि ते धोक्याचं होतं. आजही बंद न्हाणीत गॅस गीझर लावला की कार्बन मोनॉक्साइडनं माणसं दगावतात. त्या वायूला ना वास, ना रंग. त्यामुळे स्वयंपाकघरात पाइपचा गॅस आलेला असूनही तो पर्याय मी पहिल्याच दिवशी खोडला.

विजेच्या गीझरवर तारे असतात. मी समजत होते, जास्त तारे म्हणजे पाणी कमी विजेत तापतं. तसं नाही. विजेची कांडी जवळजवळ सगळी वीज उष्णतेतच बदलते, एक तारा असो की पाच. तारे सांगतात ते एवढंच, की तापलेलं पाणी नुसतं ठेवलं तर टाकी दिवसभरात किती उष्णता गमावते. पाणी तापवायला लागते तेवढी वीज लागतेच, आणि तिचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. तो मुलानं वहीच्या मागच्या पानावर करून दिला. माणशी दोन बादल्या धरल्या, तर सहा जणांना २४० लिटर. बावीस अंशांचं पाणी चाळीसवर न्यायचं, म्हणजे अठरा अंश. वीज लागते पाच युनिट. महिन्याला दीडशे.

आणि इथे कर्नाटकातली गृहज्योती योजना मध्ये येते. २०२३ पासून महिन्याला २०० युनिटपर्यंतच्या घरगुती वापराला बिल नाही, पण तुमच्या पूर्वीच्या सरासरीच्या दहा टक्के वरपर्यंतच. त्यावरच्या युनिटांचे पैसे द्यायचे, आणि २०० ओलांडले तर सगळंच बिल भरायचं. आमचा वापर १३० चा. दोन गीझर लावले की २८०.

दुसरा पर्याय, पुन्हा सोलर. सगळ्यांत स्वस्त आणि मनाला बरा वाटणारा. पण सावली हलणार नव्हती. शिवाय गच्चीवरून तळमजल्याच्या न्हाणीपर्यंत पाइप लांब. गरम पाणी यायच्या आधी पाच-सहा लिटर गार पाणी वाहून जाई. २०२४ च्या मार्चमध्ये शहरातले बोअर आटले, टँकरसाठी रांगा लागल्या आणि पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर पाच हजारांचा दंड ठरला, तेव्हा ते पाच-सहा लिटर डोळ्यांना दिसायला लागले. या शहरात कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून पंपांनी उचलून चढवत आणलेलं असतं. ते तापायच्या आधीच त्यावर बरीच वीज खर्च झालेली असते. मुलगी तेव्हापासून ते गार पाणी बादलीत धरून कुंड्यांना घालत आली आहे.

तिसरा पर्याय नवऱ्यानं शोधला: हीट पंप. हा फ्रिजचाच उलटा भाऊ. फ्रिज आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो, हा बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून पाण्यात टाकतो. उष्णता तयार करायची नसून नुसती हलवायची असल्यामुळे एका युनिटात अडीच-तीन युनिटांचं काम होतं. बंगळुरूसारख्या ठिकाणी, जिथे हवा कधी फार थंड होत नाही, त्याला हे सोपं जातं. पाचऐवजी पावणेदोन-दोन युनिट, म्हणजे महिन्याचे साठ. आमचा आकडा १९०. जेमतेम, पण दोनशेच्या आत. पाणी हळूहळू तापतं, टाकीभर तापायला तीन तास, म्हणून पहाटे तीनला चालू होईल असं घड्याळ लावायचं. स्वयंपाकघरामागच्या युटिलिटीत बसतो, दोन्ही न्हाण्यांच्या भिंतीला लागून. किंमत मात्र सोलरच्या तिपटीहून जास्त. त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो.

सकाळी मी आईला तिन्ही पर्याय सांगितले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, मिरजेचा आपला बंब का नाही आणत? धाकट्या मामाकडंच ठेवलाय ना तू?"

बंब मामाकडे नव्हता. बाबा गेल्यावर २०१९ मध्ये मिरजेचं घर रिकामं करताना तो मी मोडीत घातला होता. दोन दिवसांत घर आवरायचं होतं, ट्रकमध्ये जागा नव्हती, आणि भांडीवाल्यानं तो तागडीत घातला तेव्हा मी दुसरीकडे तोंड केलं होतं. आईला सांगितलं, मामाकडे ठेवलाय. सहा वर्षं तो बंब मामाकडे होता.

त्या बंबाची मला आठवण आहे ती आवाजासकट. तांब्याचं पिंप, मधोमध जाळाची नळी, खाली जाळी आणि राखेचं ताट. वरून लाकडाच्या ढलप्या आणि नारळाच्या शेंड्या टाकायच्या. त्याला तोटी होती, पण ती उघडून पाणी येत नसे. वरच्या नरसाळ्यात एक तांब्या गार पाणी ओतलं की ते तळाशी जाई आणि तेवढंच गरम पाणी तोटीतून बाहेर पडे. द्याल तेवढंच मिळेल. आजचा गीझरही याच रीतीनं चालतो: गार पाणी खालून शिरतं आणि गरम पाण्याला वरून बाहेर ढकलतं. म्हणून पाणी गेलं की भरलेला गीझरही एक थेंब देत नाही.

'बंब' हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून आला असं सांगतात. बोंबा म्हणजे पंप. आग विझवणाराही बंब आणि आग पोटात घेऊन पाणी तापवणाराही बंब. हीट पंपाला आजच्या पोर्तुगीजमध्ये 'बोंबा दे कालोर' म्हणतात. हे लक्षात आलं तेव्हा मला खुदकन हसू आलं. आईला सांगावं असं वाटलं: बघ, बंबच घेतोय आपण. पण ते सांगायचं तर आधी दुसरं सांगायला हवं होतं.

मी सांगितलं. दुपारी, शेंगा सोलताना. "आई, बंब मामाकडं नाही. मी तो मोडीत घातला." सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. मराठी त्यांना अर्धी कळते, पण त्या वेळी पुरी कळली असावी, कारण त्यांनी माझ्याकडे न बघता शेंगांची परात पुढे सरकवली.

आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं. मामाच्या बायकोला मी तेव्हाच फोनवर विचारलं होतं." आणि थोड्या वेळानं, "किलोला काय भाव दिला?"

मी सांगितला. "फसवलं तुला," ती म्हणाली, आणि शेंगा सोलत राहिली. नंतर आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मला बंब नको गं. लाकडं कुठनं आणणार, आणि या दाटीत धूर कुठं सोडणार? मला माझं विसण माझ्या हातानं घालायचंय, एवढंच."

विसण. या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. काही वर्षांपूर्वी एका मराठी कथेचं इंग्रजी भाषांतर करताना मी त्यावर अडले होते. कढत पाणी अंगाला सोसेल इतपत निववायला त्यात जे गार पाणी घालतात, ते विसण. मराठीत एक शब्द, इंग्रजीत पाऊण ओळ. संपादकांनी विचारलं, हे वगळता येईल का? गार पाणी म्हटलं तर काय बिघडलं? मी वगळलं. कन्नडमध्ये मला याचा थेट जोडीदार सापडलेला नाही, पण तिथे दुसरी श्रीमंती आहे. कोमट पाण्याला तिथे 'उगुरु बेच्चगे' म्हणतात, नखाइतकं ऊन. आणि 'हद' हा शब्द आहे: पाकाचा हद, मातीचा हद, पाण्याचा हद. योग्य वेळी, योग्य इतकं. विसण घालायचं ते हद येईपर्यंत. दोन भाषा मिळून एक वाक्य पुरं होतं.

हीट पंपवाल्या माणसाला मी विचारलं, तापमान बेचाळीसवर ठेवता येईल का? म्हणजे भाजायचा प्रश्नच नाही. तो म्हणाला, ठेवू नका. साठवलेलं पाणी साठ अंशांच्या आसपास असावं, नाहीतर कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढतात. पण साठ अंशांच्या पाण्यानं मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत भाजते. पन्नासच्या खाली त्यालाच काही मिनिटं लागतात. म्हातारपणी कातडी पातळ झालेली, त्यात पायांना जाणीव नाही. मग उपाय काय? त्यानं पिशवीतून पितळेचा मुठीएवढा तुकडा काढला. थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह. एका बाजूनं गरम, दुसऱ्या बाजूनं गार, पुढून चाळीस. आत मेणाची कुपी असते. पाणी जास्त तापलं की मेण फुगतं, दट्ट्या सरकवतं, गरम वाट अरुंद करतं आणि गार मोकळी. गार पाणी अचानक बंद पडलं तर गरमही बंद. फक्त जड पाण्यामुळे वर्षातून एकदा उघडून क्षार काढावा लागेल.

"म्हणजे हा विसण घालतो," मी म्हणाले. त्याला अर्थातच कळलं नाही. पण आईला कळलं. तिनं तो तुकडा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "याला कसं कळतं मला किती ऊन हवंय?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. व्हॉल्व्हला चाळीस कळतं. मुलगा पाणी अंगावर ओततो ते त्रेचाळीसचं, मुलगी अडतीसला कुरकुरते, सासूबाईंना न्हायच्या दिवशी तेल निघेल इतकं कढत हवं असतं. आईचा हद रोज वेगळा: पाऊस असला की जास्त, उपास असला की कमी. आणि ते ठरवायचं साधन म्हणजे तिची बोटं. पायांची जाणीव गेली तरी बोटांची शाबूत आहे. एप्रिलमध्ये ती चुकली ती यामुळे की तिनं पाय आधी घातला.

मग आम्ही ठरवलं ते असं. हीट पंप घ्यायचा, जुन्या सोलरचा सांगाडा मोडीत. या वेळी भाव मी तीन ठिकाणी विचारला. व्हॉल्व्ह तळमजल्याच्या न्हाणीला, एक्केचाळीसवर. वरच्या न्हाणीत साधा मिक्सर, ज्याला जे हवं त्यानं घ्यावं. आणि आईशी करार: आधी बोटं, मग पाय.

यंत्र धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी बसलं. युटिलिटीत उभी पांढरी टाकी, वर पंखा. पहाटे तीनला घुर्र सुरू होतं. पहिल्या दोन रात्री सगळे जागे झालो, तिसऱ्या रात्री कुणीच नाही. पंख्यातून गार, कोरडी हवा येते. सासूबाईंनी त्यासमोर दोरी बांधून टॉवेल वाळत घातले. पाणी भरण्याच्या सणाला त्यांनी टाकीच्या पोटावर हळदकुंकवाची पाच बोटं ओढली. गॅरंटी जाईल का, असं मुलानं विचारलं. त्यांनी त्याच्या कपाळावरही ओढली.

नरकचतुर्दशीला पहाटे पावणेपाचला आई पहिली. मी तेल लावून दिलं, उटण्याची वाटी आत ठेवली आणि बाहेर आले. दार लोटलेलं, कडी नाही. बाहेरच्या पायरीवर बसून मी कान देऊन होते. बादली भरल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मी उठणार इतक्यात आतून हाक आली.

"अगं, एक तांब्या गार पाणी दे."

"आई, ते बरोबर आहे. एक्केचाळीस."

"असू दे. दे."

मी तांब्या भरून दाराच्या फटीतून आत सरकवला. पाण्यात पाणी पडल्याचा आवाज आला, थोडं, थांबून आणखी थोडं. मग पहिला तांब्या अंगावर, आणि तिचं ते पुटपुटणं सुरू झालं. अंघोळीला तिनं चाळीस मिनिटं लावली. मागे पाच जण रांगेत होते. पाणी सगळ्यांना पुरलं.